घशाच्या अलीकडे

योगीअप्पा पहिल्यांदा माझ्या वर्गात आले, तेव्हा मला वाटलं कुणा पोराची तक्रार घेऊन आले असतील. सत्याऐंशी साल. मी नांदूरघाटच्या हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. मधली सुट्टी चालू होती. उंच, सडपातळ, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेला एक माणूस आत आला, मला नमस्कार केला आणि सरळ कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याशी जाऊन उकिडवा बसला. पोरांनी पेन्सिली तासून टाकलेली सालपटं त्यानं चिमटीत घेतली, नाकाशी धरली आणि डोळे मिटले. असा बराच वेळ बसला. मी खडू हातात घेऊन उभाच.

"सर," डोळे न उघडता तो म्हणाला, "ह्या वासावर माझी आठ वर्षं गेली."

मास्तराच्या नोकरीत नाना तऱ्हेचे पालक भेटतात, पण कचरा हुंगणारा मी प्रथमच पाहत होतो. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "त्ये योगीअप्पा. किराणा दुकानवाले. अमेरिका रिटर्न हायत." हे त्यानं अशा सुरात सांगितलं, की त्यापुढे आणखी खुलासा लागत नाही.

खुलासा मात्र मला हवा होता, आणि तो मिळायला दोन वर्षं लागली. अप्पा बोलघेवडे नव्हते. शिवाय त्यांची गोष्ट अशी, की गावात उघड सांगण्यासारखी नव्हती. लिंगायत घर, गळ्यात इष्टलिंग, घरात कांदा-लसूणसुद्धा वार बघून शिजायचा, आणि गोष्ट होती दारूची.

झालं होतं असं. अप्पा परभणीला शेतकी शिकले. त्या वेळी शेतकरी तरुणांना वर्षभर परदेशी पाठवायची कसलीशी योजना होती. त्र्याहत्तर साली अप्पांचा नंबर लागला. द्राक्षबाग शिकायला म्हणून कॅलिफोर्नियात पाठवलं. खायची द्राक्षं असतील, अशी सगळ्यांची समजूत. तिथं पोचल्यावर कळलं की मालकाची द्राक्षं खायची नसून वाइनची आहेत, आणि बागेच्या मागे दगडी तळघर आहे, तिथंच काम आहे. परत यायचं तर विमानाचं तिकीट वर्षानंतरचं. अप्पा राहिले. एका वर्षाची आठ वर्षं झाली.

निघताना त्यांच्या आईनं, वत्सलाबाईंनी, त्यांच्या तळहातावर इष्टलिंग ठेवून वचन घेतलं होतं. दारू घशाखाली उतरू देणार नाही. अप्पांनी दिलं. तिथं गेल्यावर त्यांनी त्या वचनाचा मास्तरालाही लाजवील असा काटेकोर अर्थ लावला. आईला ते बाई म्हणायचे.

"बाई काय म्हनली? घशाखाली म्हनली. तोंडात घेऊ नको असं कुटं म्हनली? मंग म्या तोंडात घेतली. चव बघितली. आन् थुकली. आठ वर्षं, सर, रोज पन्नास-पन्नास घोट तोंडात घेतले असतील. एक थेंब घशाखाली गेला न्हाई."

तळघरात चव बघून थुंकणं हा कामाचाच भाग असतो म्हणे. सगळेच थुंकतात, नाहीतर दुपारपर्यंत आडवे होतील. त्यामुळे अप्पांचं कुणाला काही वाटलं नाही. फक्त बाकीचे संध्याकाळी जेवताना पीत आणि अप्पा पाणी पीत. हे तळघराच्या मुख्य कारागिराच्या लक्षात आलं होतं. त्याचं नाव सिल्विओ. इटालियन म्हातारा, तिथंच जन्मभर राबलेला. त्याचं आणि अप्पांचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून दोघांचं जमलं.

सिल्विओची वाइन कशी होती, हे अप्पांनी मला शंभरदा सांगितलं असेल. मी ती कधी चाखली नाही आणि चाखणारही नाही, पण मला ती पाठ आहे. कॅबर्ने नावाच्या बारीक काळ्या द्राक्षाची. पहिल्यांदा पेन्सिल तासल्याचा वास. मग वाळलेल्या तंबाखूच्या पानाचा, मग कुठूनतरी लांबून हिरव्या ढोबळ्या मिरचीचा. जांभूळ असायचं, पण पिकून फुटलेलं नाही, झाडावरचं, तोंडाला जरा मिठी बसवणारं. गोडी नाहीच.

"ती वाइन पुढं पुढं करायची न्हाई," अप्पा म्हणायचे. "नव्या सुनंसारकी दाराच्या आड उबी राहायची. तुमी वळखायची तिला. तिनं न्हाई."

सिल्विओ द्राक्षं शेजाऱ्यांच्या आधी दोन आठवडे तोडायचा, साखर चढायच्या आत. खोलीएवढ्या जुन्या लाकडी पिंपांत ती मुरायला ठेवायचा. ती पिंपं इतकी जुनी की लाकडाला स्वतःचा वासच उरला नव्हता. "पिंपानं गप बसावं," हे त्याचं म्हणणं. आणि दुसरं एक म्हणणं होतं, ते अप्पांना रोज ऐकावं लागायचं. तू थुंकतोस म्हणून तुला वाइन अर्धीच कळते. उरलेली अर्धी घशाच्या पलीकडे असते.

एक्याऐंशी साली वडील वारल्याची तार आली आणि अप्पा निघाले. शेवटच्या दिवशी सिल्विओनं तळघरातून एक बाटली आणली. ज्या वर्षी त्याचं लग्न झालं त्या वर्षाची. एकच उरली होती. ती फोडली, दोन पेले भरले, एक अप्पांच्या हातात दिला आणि म्हणाला, आज पी.

अप्पांनी पेला तोंडाला लावला. तोंडात घोळवली. आणि शेजारच्या बादलीत थुंकली.

हे सांगताना अप्पा प्रत्येक वेळी इथंच थांबायचे. पुढं म्हणायचे, "म्हातारा हसला. माझ्या पाठीवर हात ठिवला. पन त्याचा पेला त्यानं तसाच ठिवला, सर. प्यालाच न्हाई."

मी मास्तर माणूस, मला सगळ्याचं उत्तर द्यायची खोड. म्हणालो, "अप्पा, वचन होतं. तुमचा इलाज नव्हता."

"वचन व्हतं," ते म्हणाले. "पर वाढलेलं ताट व्हतं त्ये."

 

नांदूरघाटला परत आल्यावर अप्पांनी दुकान सांभाळलं आणि दानम्मांशी लग्न केलं. त्या युसूफ वडगावच्या. ठेंगण्या, ठसठशीत, दुकानातल्या हमालालाही धाक वाटावा अशा. माहेरी भावानं दारूपायी घराची धूळधाण केलेली, त्यामुळे नवरा अमेरिकेत दारूच्या तळघरात होता, हे लग्न ठरताना त्यांच्यापासून लपवलं होतं. कळलं तेव्हा त्या तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी सासूला विचारलं, "पीत तर न्हाईत ना?" सासूबाई म्हणाल्या, "माझ्या शब्दाबाहेर हाय का त्यो?" त्यावर दानम्मांनी संसाराला सुरुवात केली.

अप्पांच्या नाकाचा मात्र पंचक्रोशीला उपयोग झाला. गुळाची ढेप नुसती हुंगून तिच्यात काय मिसळलंय ते ते सांगायचे. फळवाला रहमतुल्ला लिंबागणेशकडची सीताफळं घेऊन यायचा, ती आधी अप्पांपुढं धरायचा. "अप्पा, बोलो, कितने दिन?" अप्पा देठाशी नाक नेऊन म्हणायचे, "ह्ये परवा. ह्ये उद्या. आन् ह्ये आजच खा, न्हाईतर फेक." रहमतुल्ला त्याप्रमाणे तीन ढीग लावायचा.

दर वर्षी नाताळात सिल्विओचं कार्ड यायचं. मला गोष्ट कळल्यापासून ते माझ्यासमोर उघडलं जायचं, कारण उत्तराचं इंग्रजी तपासायला मी लागायचो. तपासण्यासारखं त्यात काहीही नसायचं. सिल्विओ चार ओळी लिहायचा. पाऊस कसा झाला, गुडघा कसा आहे, पीक कसं आलं. आणि शेवटची ओळ दर वर्षी तीच.

अजून थुंकतोस का?

अप्पा हे सगळं मोठ्यानं वाचून मराठीत सांगायचे. वत्सलाबाई होत्या तेव्हा त्यांना सांगायचे, आणि त्या शहाऐंशी साली गेल्यानंतर सवयीनं दानम्मांना सांगायचे. शेवटची ओळ आली की दानम्मा उठून आत जायच्या. मला वाटायचं, बाईला दारूचा विषय नको असेल. उत्तराच्या शेवटी अप्पा लिहायचे, होय, अजून थुंकतो. मी तिथं पूर्णविराम द्यायचो.

त्र्याण्णवच्या नाताळात कार्ड आलं ते सिल्विओच्या मुलीचं, लूसियाचं. वडील ऑक्टोबरात गेले. तळघर एका मोठ्या कंपनीनं घेतलं. जुनी पिंपं कापून त्यांच्या फुलझाडांच्या कुंड्या केल्या. शेवटच्या आजारात ते थुंकणाऱ्या हिंदी पोराची आठवण काढायचे, असं तिनं लिहिलं होतं.

अप्पांनी ते कार्ड वाचलं, मराठीत सांगितलं नाही, आणि दुकान बंद करून बसस्टँडकडे चालायला लागले. मी मागोमाग गेलो. बाभळीखालच्या दगडावर बसून ते रडले. मोठा माणूस रडायला लागला की बघणाऱ्यानं कुठं बघावं ते कळत नाही. मी बसचं वेळापत्रक वाचत राहिलो. केजची गाडी येऊन गेली.

तिथून पुढं अप्पांना ते वेड लागलं. वेडच म्हणतो मी. ती वाइन एकदा तोंडात घ्यायची. प्यायची नाही. "गिळायची न्हाई, सर. निस्ती भेटायचीय. तिला म्हनायचंय की चुकलं."

काळ असा होता की सगळं जग चालून यायला लागलं होतं. गावात डिश आली, परदेशी थंड पेयं आली, पोरांच्या पायात परदेशी नावांचे बूट आले. बीडच्या दुकानांत न्यूझीलंडची सफरचंदं दिसू लागली आणि रहमतुल्लाच्या अंगाची लाहीलाही झाली. पेपरवाले रोज लिहायचे, आता काय हवं ते मिळेल. अप्पांना हवं ते काही आलं नाही. मग अठ्ठ्याण्णव साली त्यांची पुतणी शिवानी कॉम्प्युटरच्या नोकरीवर कॅलिफोर्नियात गेली.

शिवानी हुशार पोरगी, माझीच विद्यार्थिनी. काकावर जीव. अप्पांनी तिला एकच काम सांगितलं, आणि पोरीची तीन वर्षं त्यात गेली. ती स्वतः दारू पीत नव्हती. दुकानात जाऊन म्हणायची, मला एक कॅबर्ने द्या, पण माझ्यासाठी नको, माझ्या काकांसाठी, पण ते पिणार नाहीत. दुकानदार तिच्याकडे कसे बघत असतील ते मी समजू शकतो. मीही कचऱ्याच्या डब्याशी बसलेल्या अप्पांकडे तसंच बघितलं होतं.

पहिली बाटली तिनं नव्व्याण्णवच्या दिवाळीत आणली. केवढी जड! काच बोटभर जाड, बुडाला हाताचा अंगठा जाईल एवढी खोल खोबण. अप्पांनी ती हातात घेतली आणि त्यांचा चेहराच पडला. "इतकी भारी बाटली कावून? आत काय सोनं हाय?" तरी सोपस्कार सगळे झाले. अमेरिकेतून आणलेला एकमेव काचेचा पेला धोतराच्या फडक्यातून बाहेर निघाला. वडिलांच्या काळातली पितळी पिकदाणी घासून ठेवली. दानम्मा स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडावर धरून उभ्या राहिल्या. स्वयंपाकघरात बाटली येऊ द्यायची नाही, एवढी त्यांची अट होती.

अप्पांनी हुंगली. घोट घेतला. घोळवला. थुंकला.

"जाम हाय," ते म्हणाले. "पावाला लावायचा जाम. आन् वरून आइस्क्रीम."

शिवानीनं तिथूनच शिकून आणलं होतं. आता द्राक्षं अगदी सुरकुतेपर्यंत वेलीवर ठेवतात. मग साखर फार, म्हणून दारूचा अंश फार. नव्या कोऱ्या छोट्या पिंपांत मुरवतात, म्हणून तो व्हॅनिलाचा वास. आणि असं का करतात? तर तिकडे वाइनला मार्क देतात, शंभरपैकी. जी तोंडात पहिल्या क्षणाला धडाका उडवते तिला मार्क जास्त.

"मार्क?" मी ताडकन उठलो. "मार्क देतात?"

मला ती भानगड एका क्षणात समजली. माझ्या वर्गात काय वेगळं चाललं होतं? गाइडं आली, शिकवण्या आल्या, आणि सगळी पोरं परीक्षकाला आवडेल ते एकच उत्तर एकाच शब्दांत लिहायला लागली. मार्क भरमसाट. पेपर तपासताना मला कळायचं नाही की हा युसूफ वडगावचा पोरगा आहे की केजचा. स्वतःचं मोडकंतोडकं लिहिणारा एखादाच असायचा, आणि त्याला मीच कमी मार्क द्यायचो. त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली, हे इथं कबूल करून टाकतो.

पुढची दोन वर्षं अप्पा शहेबाजच्या एसटीडी बूथवरून शिवानीला सूचना द्यायचे. फोनवर ओरडल्याशिवाय अमेरिकेला ऐकू जात नाही, ही त्यांची खात्री. "बाटली हलकी बघ! लेबलावर दारूचा आकडा बघ, तेराच्या आत पायजे! पिंपं जुनी हायत का इचार! द्राक्षं कवा तोडली इचार!" बूथबाहेरची रांग हे सगळं कान देऊन ऐकायची. गावात बोभाटा झाला की योगीअप्पा अमेरिकेतून दारू मागवतात. मठातली मंडळी समजूत घालायला आली. अप्पांनी त्यांना पिकदाणी दाखवली. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही, पण चहा घेऊन गेली.

"शिवानी, तुझ्यासाठी स्थळ बघताना एवढी चिकित्सा केली नसती काकांनी," मी तिला चिडवायचो. ती म्हणायची, "सर, स्थळं सोपी असतात. नाही म्हटलं की संपलं. इथं काका नाही म्हणतात आणि मग दिवसभर जेवत नाहीत."

खरं होतं ते. बाटल्या येत गेल्या. ज्या तळघरात अप्पांनी आठ वर्षं काढली, त्याच्याच नावाची एक आली. अप्पांनी ती उघडली आणि हुंगूनच बाजूला ठेवली. तोंडात घेतलीच नाही. "घर तेच, पर ह्यो आपला घरमालक न्हाई," एवढंच म्हणाले. नंतर दोनेक महिने फोनवर ते वाइनबद्दल काही बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं. आणि एका दुपारी ते पुन्हा माझ्या वर्गात आले, कोपऱ्यात उकिडवे बसले, आणि पेन्सिलीची सालपटं हुंगत राहिले. पोरं आता हसतसुद्धा नव्हती, इतकी सवय झाली होती त्यांना. मला मात्र फार वाईट वाटलं. आपल्याला जे हवं ते जगातून नाहीसं झालंय, हे ज्याला कळून चुकलंय त्याला काय सांगायचं?

दोन हजार एकचा डिसेंबर. शिवानी सुट्टीवर आली. आल्या आल्या माझ्या घरी निरोप, सर, दुपारी या. गेलो तर अंगणात बाजेवर अप्पा बसलेले, शिवानी समोर, आणि मध्ये पाटावर एक बाटली. साधी. हलकी. लेबलावर चित्र नाही, नुसतं नाव. साडेबारा.

शिवानीनं सांगितलं ते असं. एका डोंगरावर, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत, एक बाई छोटीशी बाग करते. शिवानी तिथं चव बघायला म्हणून गेली. तोंडात घेतली आणि काकानं शिकवल्याप्रमाणे बादलीत थुंकली. बाई म्हणाली, असं नेमकं थुंकायला तळघरातली माणसं शिकवतात, तुला कुणी शिकवलं? शिवानीनं सगळी गोष्ट सांगितली. ती बाई शेजाऱ्यांच्या आधी दोन आठवडे द्राक्षं तोडते. शेजारी हसतात. तिनं कुठूनशी दोन जुनी मोठी पिंपं वाचवून आणलीत. तिच्या वाइनला फार मार्क पडत नाहीत, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. जुन्या लोकांची वाइन तिनं म्हातारपणी नाही, तिशीतच करायला घेतलीय.

अप्पांनी बूच काढलं. पेल्यात दोन बोटं ओतली. डाव्या हातानं गळ्यातलं लिंग सदऱ्यावरून चाचपलं, ही त्यांची तळघरापासूनची सवय. पेला नाकाशी नेला.

आणि तसेच राहिले. मी घड्याळ बघितलं नाही, पण रहमतुल्लाचा गाडा रस्त्यानं आला, त्यानं हाक घातली, उत्तर मिळालं नाही म्हणून पुढं गेला, एवढा वेळ झाला.

"सर," अप्पा म्हणाले, "तुमच्या वर्गात आलोय म्या."

शिवानी रडायला लागली. अप्पांनी घोट घेतला. गालात फिरवला. त्यांचे डोळे भरले होते, चेहरा एकदम पंचविशीतल्या पोरासारखा दिसत होता. आणि मग त्यांनी पिकदाणी उचलली आणि थुंकली.

थुंकल्यावर पिकदाणीकडे बघत राहिले. "पुन्यांदा तेच," ते हळूच म्हणाले. "म्हाताऱ्या, पुन्यांदा तेच केलं बघ म्या."

तेव्हा दानम्मा दारातून पुढं आल्या. पदर तोंडावर नव्हता. आल्या आणि पाटापाशी खाली बसल्या. ज्या बाईनं दोन वर्षं त्या बाटल्यांकडे धड बघितलं नव्हतं तिनं दोन्ही हातांनी बाटली धरली आणि पेल्यात ओतली. थोडी पाटावर सांडली.

"आवं," त्या म्हणाल्या, "गिळा."

अप्पा बघतच राहिले. "काय बोलतीस? बाईचं वचन हाय."

"न्हाई. सुटलंय." दानम्मांनी मान खाली घातली. "तुमी माल आनायला लातूरला गेलता ना, शेवटच्या वक्ताला. बाईनं मला जवळ बोलवलं. म्हनल्या, त्याला सांग, म्या घातलेली शपत सुटली. त्या परक्या म्हाताऱ्यानं वाढलेलं ताट माझ्या पोरानं माझ्यापायी सारलं. एकदा गिळू दे त्याला. मंग त्यांचा डोळा लागला. तुमी आलात तवर गेल्या."



"म्या सांगितलं न्हाई," त्या पुढं म्हणाल्या. "माझ्या भावाचं बघितलं व्हतं म्या. एक घोट म्हनूनच सुरू झालतं त्याचं बी. वाटलं, सांगू मंग. दरसाली ते कार्ड यायचं, तुमी वाचायचे, आन् म्या आत जायची. आत जाऊन चुलीपाशी बसायची. म्हनायची, पुढल्या साली सांगू. सात कार्डं आली, आवं. सात. मंग म्हातारा गेला. मंग तर तोंडच उचलंना."

मी हिशेब करत होतो, आणि अप्पाही करत असणार. सात वर्षं दर नाताळात तो म्हातारा विचारत होता, अजून थुंकतोस का, आणि उत्तर बदलता आलं असतं. मला दानम्मांचा संताप आला, खोटं कशाला बोलू. अप्पा आता काहीतरी भयंकर बोलतील असं वाटून मी उठायच्या बेतात होतो.

 अप्पा दानम्मांकडे बघत होते. मग त्यांनी पिकदाणी उचलून बाजेखाली सारली. पेला घेतला. घोट तोंडात घेतला, घोळवला, आणि थांबले. बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या माणसाला गिळायला इतकं अवघड जाताना मी कधी पाहिलं नाही. गळ्याची घाटी वर झाली, अडली, आणि खाली गेली.

शिवानीनं विचारलं, "काका?"

अप्पा ऐकत नव्हते. आत कुठंतरी बघत होते. मग म्हणाले, "खरंच म्हनत व्हता त्यो. अर्धी पलीकडं असती." थोड्या वेळानं म्हणाले, "चव जातच न्हाई. लई येळ जातच न्हाई."

उरलेली बाटली दानम्मांनी देवळीत ठेवली. अप्पांनी पुन्हा मागितली नाही. महिन्याभरात ती आंबली असणार. पुढची बाटली आणू का, असं शिवानीनं फोनवर विचारलं तर म्हणाले, नको, त्या बाईला म्हणावं आधीच तोडत जा, मार्क गेले चुलीत.

चार दिवसांनी अप्पा माझ्या घरी आले, हातात आंतर्देशीयासारखा दुमडलेला कागद. लूसियाला पत्र लिहिलं होतं. नेहमीप्रमाणे इंग्रजी तपासून हवं होतं. मी लाल पेन काढला. पत्र दोन ओळींचं होतं. तुझ्या वडिलांना जिथं ठेवलंय तिथं एकदा जा आणि सांग, आता थुंकत नाही. खाली सही.

मी लाल पेन खिशात ठेवला. तेवढ्यात दानम्मा मागून आल्या, दारातच उभ्या राहिल्या. त्या माझ्या घरी कधी आल्या नव्हत्या.

"सर," त्या म्हणाल्या, "त्यात माझं बी एक वाक्य घाला. तुमच्या इंग्रजीत."

"सांगा."

अप्पा खाली बघत होते. दानम्मांनी पदर नीट केला, जणू ती इटालियन पोरगीच समोर बसली होती.

"लिवा," त्या म्हणाल्या. "उशीर ह्यांनी न्हाई केला. म्या केला."